विश्लेषण : ऊन अंगणात, माणसे घरात! ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि डॉ. रखमाबाईंचा काळ

नागपूरच्या दक्षिणेला बेसा-पिपळ्याच्या बाजूने शेते मागे सरत गेली आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. मे महिन्यात दुपारी एक वाजता इथे रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, खिडक्यांना जाड पडदे, आत कूलरची घरघर. जे बाहेर पडतात ते डोक्याला दुपट्टा, हातात मोजे आणि डोळ्यांवर गॉगल अशा बंदोबस्तात. पावसाळ्याचे महिने सोडले तर उन्हाला इथे तोटा नाही. तरीही सांधे दुखतात, पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात म्हणून डॉक्टरकडे गेले की रक्त तपासले जाते आणि अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे ‘कमी’ असा शेरा येतो. ऊन हेच ज्या जीवनसत्त्वाचे मुख्य उगमस्थान, त्याची टंचाई उन्हाच्या देशात कशी?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वी तो नाशिकमध्ये, दिल्लीत आणि श्रीनगरात विचारला गेला होता. त्याचे उत्तरही तेव्हाच मिळाले. ते समजून घेण्यासाठी एका मराठी डॉक्टरचे आयुष्य उपयोगी पडते. डॉ. रखमाबाई यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लावला नाही. मात्र ज्या बंद दारांआड हा आजार वाढला, त्या दारांशी त्यांचा आयुष्यभर संबंध आला. आधी त्या दारात ढकलली जाणारी मुलगी म्हणून आणि नंतर त्या दारातून आत जाऊ शकणारी डॉक्टर म्हणून.

रखमाबाई कोण होत्या?

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमा अडीच वर्षांची असताना वडील गेले. आई तेव्हा अवघ्या १७ वर्षांची होती. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले. पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी मुलीच्या नावे केली. पुढे झालेल्या कोर्टकचेरीत या मिळकतीची सावली सतत होती.

सावत्र वडील सखाराम अर्जुन हे मुंबईतील नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ स्थापन करणाऱ्या मोजक्या मंडळींत ते होते. घरात पुस्तके होती, शास्त्राची चर्चा होती. पण बाहेरच्या जगाची रीत दारापर्यंत येऊन थांबत नसे. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी झाले आणि शाळा सुटली. दादाजीने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, मार्गाला लागावे असे ठरले होते. सहा महिन्यांत मुलगी वयात आली. गर्भाधानाचा विधी करावा असा तगादा सुरू झाला, तेव्हा डॉक्टर असलेल्या सावत्र वडिलांनी तो साफ नाकारला.

इथे थोडे थांबले पाहिजे. बारा-तेराव्या वर्षी मुलीची हाडे वाढीला लागलेली असतात. शरीराला सर्वाधिक कॅल्शियम लागण्याच्या काळांपैकी हा एक. नेमक्या याच वयात तिला घरात बसवायचे आणि लगोलग तिच्यावर बाळंतपण लादायचे, ही त्या काळातील अनेक घरांची रीत होती. सखाराम अर्जुन यांच्या काळी ‘जीवनसत्त्व’ हा शब्दही जन्माला आला नव्हता. तरी कोवळ्या शरीरावर काय लादले जाते आहे, हे त्यांना कळत होते. रखमाबाईंच्या चरित्रात या नकाराचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. खरे तर पुढचे सारे आयुष्य या एका नकारावर उभे आहे.

खटला नेमका कशाचा होता?

दादाजी मामाच्या घरी राहायला गेला. शिक्षण बाजूला राहिले, कर्ज वाढले. रखमाबाई आईकडेच राहिल्या आणि मिळतील ती पुस्तके वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्नीला नांदायला पाठवण्याची मागणी केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. म्हणजे लढ्याच्या ऐन तोंडावर पाठीशी उभा असलेला माणूस गेला.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला. अजाण वयात लागलेल्या लग्नाच्या आधारे एका सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही, असा त्याचा सारांश. निकालावर गदारोळ उठला. हिंदू रिवाजात सरकारी न्यायालयाने ढवळाढवळ केल्याची टीका झाली. लोकमान्य टिळकांनीही रखमाबाईंच्या विरोधात बाजू घेतली. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी आणि रमाबाई रानडे यांच्यासारखी मंडळी त्यांच्यामागे उभी राहिली. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘हिंदू लेडी’ या टोपणनावाने बालविवाह आणि स्त्रियांच्या कोंडमाऱ्यावर पत्रे प्रसिद्ध झाली होती. ती लिहिणारी बाई रखमाबाईच, हे पुढे उघड झाले.

अपिलानंतर खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निर्णय दिला. नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. या खटल्याची चर्चा इंग्लंडपर्यंत पोहोचली. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून लग्नच रद्द केले, अशी एक कथा आजही समाजमाध्यमांवर फिरते. प्रत्यक्षात प्रकरण मिटले ते जुलै १८८८ मधील तडजोडीने. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला दावा सोडला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर गेले. त्या वादाची जमीन या खटल्याने तयार केली होती.

लंडनचा धूर आणि मुडदूस

खटला संपला तेव्हा रखमाबाई चोविशीत होत्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले, पैसेही उभे केले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये दाखल झाल्या. पुढे ब्रसेल्सची एमडीही त्यांनी मिळवली.

त्या ज्या शहरात शिकत होत्या, ते मुडदुसाचे शहर होते. धनुष्यासारखे वाकलेले पाय, फुगीर मनगटे, पुढे आलेली छाती अशी मुले लंडन, ग्लासगोसारख्या कारखानी शहरांत गल्लोगल्ली दिसत. १८८९ मध्येच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या पाहणीतून तयार झालेल्या नकाशात मुडदुसाचे पट्टे आणि कोळशाच्या धुराचे पट्टे एकमेकांवर बसत होते. कोणी याचे खापर निकृष्ट आहारावर फोडत होते, कोणी कोंदट हवेवर.

१८९० मध्ये थिओबाल्ड पाम यांनी वेगळाच मुद्दा मांडला. ते मिशनरी डॉक्टर म्हणून जपानमध्ये राहिले होते. तिथे, तसेच चीन आणि भारतात काम करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी माहिती गोळा केली. गरिबी, अस्वच्छता, अपुरे अन्न हे सारे या देशांत लंडनपेक्षा कमी नव्हते. पण मुडदूस क्वचितच आढळत होता. मग फरक कशाचा? उन्हाचा, असे पाम यांनी लिहिले. मुलांना पद्धतशीरपणे सूर्यप्रकाशात ठेवावे, असा उपायही सुचवला. वैद्यकविश्वाने तीस वर्षे त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

पाम यांचे म्हणणे बरोबर होते, पण अपुरे होते. ऊन भरपूर म्हणजे ते सगळ्यांना मिळते, असे त्यात गृहीत होते. भारतातील बंद घरांच्या आत काय चालले आहे, हे पुरुष डॉक्टरांना दिसण्याची सोयच नव्हती.

सुरत, राजकोट आणि पडद्याआडचे रुग्ण

ते आत जाऊन पाहणाऱ्या स्त्री-डॉक्टरांच्या पहिल्या पिढीत रखमाबाई होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पण व्यवसाय सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली काम करू लागल्या होत्या. रखमाबाई भारतात परतल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्णालय होते, डॉक्टर होती, बायका मात्र येईनात. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून, हीच रीत. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची सुटका केली आणि मग बायकांची भीड चेपली, अशी गोष्ट सांगितली जाते. प्लेगच्या काळातही त्या सुरतेत काम करत होत्या.

सुरतेनंतर राजकोट. तिथल्या जनाना रुग्णालयात, म्हणजे केवळ पडद्यातील स्त्रियांसाठी असलेल्या रुग्णालयात, त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केले. दोन्ही ठिकाणे मिळून सुमारे ३५ वर्षे. अखिल भारतीय पातळीवरील ‘विमेन्स मेडिकल सर्व्हिस’मधील जागा चालून आली असता ती त्यांनी नाकारली. आणखी एक विचार करायला लावणारी नोंद आहे. १९०४ मध्ये दादाजीचे निधन झाल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी पाळले. या कृतीचा अर्थ अभ्यासकांनी आपापल्या परीने लावला आहे. सोपे उत्तर त्याला नाही.

जनाना रुग्णालय हीच मुळात एक तडजोड होती. पडदा हटवता येत नाही, तर पडद्याच्या आत डॉक्टर न्यायचे. डफरिन फंडाची सुरुवात १८८५ मध्ये झाली ती याच विचाराने. पण पडदा स्वतःच आजाराचे कारण असेल तर?

नाशिकमध्ये काय दिसले?

१९२२ मध्ये हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली. मुडदूस हा गरिबांचा आजार, हा युरोपातील समज तिथे उलटा पडला. शेतात राबणाऱ्या, धान्यावर गुजराण करणाऱ्या, दूधदुभते क्वचितच पाहणाऱ्या गरीब घरांतील मुलांची हाडे सरळ होती. आई शेतावर, म्हणून मूलही बांधावर, उन्हात. उलट खात्यापित्या, प्रतिष्ठित आणि पडदा पाळणाऱ्या हिंदू व मुस्लीम घरांतील लेकरांत मुडदूस होता. तिथे आई आणि तान्हे मूल आतल्या खोल्यांत राहत. मुलगी वयात आली की तिचे बाहेर जाणे थांबे आणि तिच्यात हाडांचा आजार नव्याने डोके वर काढी.

म्हणजे ज्याला ऐपत होती, तोच उन्हापासून वंचित होता. घराची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितकी आतली खोली अधिक अंधारी.

प्रौढ स्त्रियांत या आजाराला अस्थिमृदुता म्हणतात. हाडाचा साचा तयार होतो, पण त्यात चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची भरणी नीट होत नाही. हाड मऊ राहते आणि शरीराच्या भाराने हळूहळू वाकते. सुरुवातीला कंबर, मांड्या दुखतात. मग चाल बदकासारखी डुलती होते. प्रत्येक गरोदरपण आणि प्रत्येक अंगावर पिणारे मूल शरीरातील कॅल्शियम आणखी खेचून घेते. शेवटी ओटीपोटाभोवतीचे हाडांचे कडे तिन्ही बाजूंनी दबून बाळाची वाटच अरुंद होते. मग बाळंतीण अडते. शस्त्रक्रियेची सोय नसेल तर आई आणि बाळ दोघांचाही जीव जातो. आज सांधेदुखीच्या पातळीवर बोलल्या जाणाऱ्या या कमतरतेचे त्या काळातील टोक हे असे होते.

दिल्लीत डॉ. ग्रेस स्टेपल्टन यांनी १९२५ मध्ये याच आजाराविषयी लिहिले. श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व यावर पुस्तकच काढले. दल सरोवरावर नावांमध्ये राहणाऱ्या, उघड्यावर कष्ट करणाऱ्या बायकांची बाळंतपणे आणि शहरातील पडद्यात राहणाऱ्या बायकांची बाळंतपणे यांतील फरक त्यांनी पाहिला होता. ऊन तेच, हवा तीच. फरक होता तो उंबरठ्याचा.

तोवर विज्ञान कुठे पोहोचले होते?

१९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुलांचा मुडदूस बरा केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताचे तेल गुणकारी असल्याचे दाखवले. प्रकाश आणि तेल, दोन्हींचा गुण एकच कसा? १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांच्या गटाने तेलातील या घटकाला वेगळे ओळखले. अ, ब, क ही अक्षरे वापरून झाली होती, म्हणून हा ‘ड’. १९२८ मध्ये जर्मनीचे अॅडॉल्फ विंडाउस यांना या मालिकेतील संशोधनासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आज आपल्याला प्रक्रिया माहीत आहे. त्वचेत कोलेस्टेरॉलशी नाते असलेला एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातील अतिनील-ब किरण पडले की त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. मग यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ते लागतेच. ते नसेल तर आहारातील बरेचसे कॅल्शियम वाया जाते.

१९२९-३० च्या सुमारास निवृत्त झाल्यानंतर रखमाबाईंनी पडद्याची प्रथा नष्ट करण्याची गरज मांडणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यामुळे तरुण विधवांना समाजाच्या कामात भागच घेता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. हाडांचे डॉक्टर त्याच काळात वेगळ्या वाटेने त्याच दारापाशी आले होते. पस्तीस वर्षे जनाना रुग्णालयांत घालवलेल्या डॉक्टरने शेवटी औषधांवर न लिहिता पडद्यावर लिहावे, यात मला तरी त्यांच्या साऱ्या कामाचा निष्कर्ष दिसतो. मुंबईत २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी गूगलने त्यांचे डूडल केले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

मग आज कमतरता का?

पडद्याची जुनी प्रथा बरीच मागे पडली, पण घरात राहण्याची कारणे वाढली. मुले शाळेच्या बसमधून वर्गात, वर्गातून शिकवणीत आणि तिथून मोबाइलवर. नोकरदार पार्किंगमधून लिफ्टमध्ये. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवस स्वयंपाकघरात जातो. पुण्यातील वस्त्यांमधल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या मुलांपेक्षा बाहेर खेळणाऱ्या मुलांची स्थिती चांगली आढळली. नाशिकनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, तेच उत्तर.

धूरही आपल्याकडे आला आहे. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रदूषित भागातील तान्ह्या मुलांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. हवेतील कण अतिनील-ब किरण अडवतात. शिवाय सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे किरण शोषून घेते, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा अधिक वेळ ऊन लागते. आहारातून भरपाई जेमतेम. अंड्याचा बलक, तेलकट मासे यांत ते थोडेफार असते. साध्या दुधात नगण्य. बाजारात काही दूध आणि खाद्यतेलाच्या पाकिटांवर ‘एफ’ अक्षर आणि अधिकचे चिन्ह असते. त्यात अ आणि ‘ड’ जीवनसत्त्व वरून मिसळलेले असते.

आणखी एक गैरसमज काचेचा. गॅलरी काचेने बंद करून त्यात उन्हाला बसणारे आजी-आजोबा अनेक इमारतींत दिसतात. ऊब मिळते, पण साधी काच अतिनील-ब किरण अडवते. तिथे तासभर बसूनही या कामापुरता फायदा जवळपास शून्य.

कोवळे ऊन चालते का?

कोवळ्या उन्हाचे कौतुक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात धरायचे, ही रीत चांगलीच. पण सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि अतिनील-ब वाटेतच गळून जातात. तिरुपतीत झालेल्या संशोधनात सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत ‘ड’ जीवनसत्त्व सर्वाधिक तयार होत असल्याचे दिसले.

नागपूरकराला हे ऐकून हसू येईल. मेमध्ये भर दुपारी उन्हात बसणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. ते कोणीही करू नये. इथे सावलीचा ठोकताळा कामी येतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा उपयोगी किरण पुरेसे असतात. नागपूर परिसरात मेमध्ये सकाळी नऊच्या सुमारास सावली उंचीएवढी होते. मेच्या अखेरीस तर शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे उन्हाळ्यात नऊच्या आगेमागे थोडा वेळ हात, पाय, चेहरा उघडा ठेवून चालणे पुरे, तेही डोके तापेपर्यंत नाही. फेब्रुवारीत साधारण साडेदहा ते अडीच ही वेळ येते. डिसेंबरात मात्र ऐन दुपारीच सावली उंचीएवढी होते आणि नागपुरी थंडीत ते ऊन हवेहवेसेही वाटते. गच्चीवर तूर-हरभरा निवडायला, मुलांना खेळवायला, आजीचे पाय शेकायला ही वेळ उत्तम. हिवाळ्यात साठवलेले ‘ड’ जीवनसत्त्व शरीरातील चरबीत काही आठवडे टिकते.

तपासणी आणि गोळ्यांचे काय?

रक्तातील पातळी प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता, ही अनेक वर्षे वापरली गेलेली रेषा. ती नेमकी कुठे ओढावी यावर मतभेद आहेत. रेषा वर नेली की कमतरता असलेल्यांची संख्या आपोआप फुगते, हे मोठमोठे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील ‘एंडोक्राइन सोसायटी’ने २०२४ मध्ये, कोणताही त्रास नसलेल्या निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये, अशी भूमिका घेतली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दिवसाला ६०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व लागते.

औषध दुकानात मिळणारी पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० युनिटची असते. म्हणजे रोजच्या गरजेच्या शंभर पट. ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीला गुण आला म्हणून रोज एक, असे करणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढते. मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तान्ही बाळे, वाढत्या वयाच्या मुली, घराबाहेर न पडू शकणारे वृद्ध आणि मूत्रपिंड-यकृताचे रुग्ण यांनी मात्र डॉक्टरांना विचारायला टाळाटाळ करू नये. आईच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व अत्यल्प असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. ते थेंब देताना बाळाच्या आईच्या कंबरदुखीचीही विचारपूस व्हायला हवी.